लग्न केलं म्हणून नोकरी गेली : आपल्याकडचे लेखी नियम आणि ते मोडायला लागलेली वर्षं

लग्न झालं की नोकरी संपली. वयाची पस्तिशी आली की निवृत्ती. मुलाच्या नावाने रोखे घ्यायचे तर आईची सही चालणार नाही, वडिलांना बोलवा. मूल दत्तक घ्यायचं तर ते नवरा घेणार, बायकोने फक्त संमती द्यायची.

हे वाचून इंग्रजांचा काळ आठवेल. पण हे सगळे नियम स्वतंत्र भारतातले आहेत, राज्यघटना लागू झाल्यानंतरचे. कंपनीच्या नियमावलीत, सरकारी सेवानियमांत आणि संसदेने केलेल्या कायद्यांत ते छापलेले होते. काही नियम १९९५ पर्यंत टिकले, काही २००५ पर्यंत, तर एक थेट २०१० पर्यंत.

अमेरिकेत १९७४ पर्यंत बँका बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय कर्ज किंवा क्रेडिट कार्ड नाकारू शकत होत्या, ही माहिती सोशल मीडियावर नेहमी फिरते. ती खरी आहे. त्या वर्षी तिथे त्याविरुद्ध कायदा झाला. आपल्याकडची यादी मात्र फारशी कुणी मांडत नाही. म्हणून ती इथे एकत्र देतोय.

घटनेने समानता दिली होती, मग हे नियम चालले कसे?

२६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली. कलम १४ ने कायद्यापुढे समानता दिली, कलम १५ आणि १६ ने लिंगावरून भेदभावाला मनाई केली. तरीही हे नियम टिकले. त्याची चार कारणं आहेत.

पहिलं, ही कलमं मुख्यतः सरकारवर बंधनकारक आहेत. खासगी कंपनीने अन्याय केला तर थेट घटनेचं कलम दाखवून तिला कोर्टात खेचता येत नव्हतं. त्यासाठी कामगार कायद्याचा रस्ता धरावा लागायचा, आणि तो बहुधा युनियनमार्फत जायचा.

दुसरं, ‘केवळ’ हा शब्द. घटना म्हणते की केवळ लिंगाच्या कारणावरून भेदभाव करायचा नाही. मग बचाव व्हायचा तो असा : आम्ही बाई म्हणून वेगळं वागवत नाही, तिची भरती वेगळी, पद वेगळं, सेवाशर्ती वेगळ्या आहेत. हा बचाव अनेकदा चालला.

तिसरं, कलम १५(३) सरकारला स्त्रियांसाठी विशेष तरतुदी करू देतं. ती सोय हिताच्या गोष्टींसाठी आहे. पण काळजीच्या नावाखाली घातलेली बंधनंही याच खात्यात टाकता येत होती.

चौथं कारण सगळ्यात साधं. घटनेशी विसंगत नियम आपोआप पुसला जात नाही. कुणीतरी त्याला आव्हान द्यावं लागतं. म्हणजे एका बाईने नोकरी पणाला लावून वकील गाठायचा आणि पुढची काही वर्षं तारखा मोजायच्या.

लग्न केलंत? मग या आता

मुंबईतल्या इंटरनॅशनल फ्रँचायजेस या कंपनीत औषधांचं पॅकिंग आणि लेबल लावण्याच्या विभागात फक्त अविवाहित मुली घेत. लग्न केलं की नोकरी आपोआप संपायची. बॉम्बे लेबर युनियनने ही अट काढायची मागणी केली. औद्योगिक न्यायाधिकरणाने ती फेटाळली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

कंपनीचं म्हणणं होतं की हे काम गटाने चालतं, एकजण गैरहजर राहिली की सगळ्यांचं अडतं, आणि लग्न झालेल्या बायकांच्या दांड्या जास्त असतात. ऑक्टोबर १९६५ मध्ये न्यायालयाने हा युक्तिवाद नाकारला. विवाहित बाई अविवाहित किंवा विधवा बाईपेक्षा जास्त गैरहजर राहते, याला आधार काय? फरक असलाच तर बाळंतपणाच्या रजेचा, आणि तेवढ्यासाठी बदली माणसं ठेवता येतात. अट रद्द झाली.

सरकारी नोकरीतही हेच होतं. अ‍ॅना राजम जॉर्ज (पुढे मल्होत्रा) १९५१ मध्ये आयएएसमध्ये आल्या. लग्न केल्यास सेवा संपेल, असं त्यांच्या नेमणुकीच्या आदेशातच लिहिलेलं होतं. नंतर नियम बदलला आणि त्या सेवेत राहिल्या. मुंबईजवळचं न्हावा शेवा बंदर उभं करण्याची जबाबदारी पुढे याच अधिकाऱ्याने सांभाळली.

परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा. त्या १९४९ मध्ये रुजू झाल्या, त्या लग्न केल्यास राजीनामा देण्याची हमी लिहून देऊनच. १९६१ च्या सेवानियमांत तर स्पष्ट होतं की महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची. लग्नानंतर घरच्या जबाबदाऱ्या कामाच्या आड येतील असं सरकारला वाटलं, तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. पुरुष अधिकाऱ्यासाठी असा नियम नव्हता.

बढती नाकारली गेल्यावर मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सुनावणीच्या काळात सरकारने त्यांना बढती दिली आणि हे नियम आम्ही काढतोच आहोत असं सांगितलं. त्यामुळे सप्टेंबर १९७९ मध्ये याचिका निकाली निघाली. पण न्या. कृष्ण अय्यर यांनी निकालात सरकारला चांगलंच सुनावलं. घरच्या जबाबदाऱ्या बाईच्या कामाच्या आड येत असतील तर पुरुषाच्याही येऊ शकतात, मग नियम एकीलाच का, हा त्यांचा सवाल होता.

यानंतरही प्रश्न संपला नाही. लष्करी नर्सिंग सेवेतल्या एका अधिकाऱ्याला १९८८ मध्ये लग्न केलं म्हणून काढून टाकलं. तसा नियमच होता आणि तो १९९५ मध्ये मागे घेतला गेला. त्या बाईंना सर्वोच्च न्यायालयातून न्याय मिळाला फेब्रुवारी २०२४ मध्ये, ६० लाख रुपयांची भरपाई देण्याच्या आदेशाने. मधे ३६ वर्षं गेली होती.

एअर इंडिया : पस्तिशी, लग्न आणि पहिलं बाळंतपण

विमानातल्या हवाई सुंदरीची नोकरी तेव्हा झगमगीत मानली जायची. एअर इंडियाच्या नियमावलीत तिच्या निवृत्तीचे तीन टप्पे दिले होते. वय ३५, नोकरी लागल्यापासून चार वर्षांच्या आत केलेलं लग्न, किंवा पहिलं गरोदरपण. यातलं जे आधी घडेल तेव्हा ती घरी. वय ३५ च्या पुढे मुदत वाढवायची की नाही, ते व्यवस्थापकीय संचालक ठरवणार. त्याच विमानात तसंच काम करणाऱ्या पुरुष फ्लाइट पर्सरची निवृत्ती ५८ व्या वर्षी.

नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला आव्हान दिलं. २८ ऑगस्ट १९८१ चा हा निकाल आजही कायद्याच्या वर्गात शिकवला जातो, आणि तो पूर्ण विजयाचा निकाल नाही.

गरोदर राहिली म्हणून नोकरीवरून काढणं हा भारतीय स्त्रीत्वाचा अपमान आहे असं म्हणत न्यायालयाने ती अट रद्द केली. मुदतवाढीचा संचालकांचा मनमानी अधिकारही गेला. पण चार वर्षं लग्न न करण्याची अट न्यायालयाने वैध ठरवली. थोडं उशिरा लग्न करणं मुलीच्या तब्येतीला आणि कुटुंब नियोजनाच्या कार्यक्रमाला चांगलं, असं कारण दिलं. पस्तिशीची मर्यादाही टिकली. पुरुष पर्सर आणि हवाई सुंदरी ही दोन वेगळी पदं आहेत, त्यांची भरती आणि बढती वेगळी आहे, म्हणून तुलना होत नाही, असं न्यायालयाने मानलं. वर सांगितलेला ‘केवळ’चा बचाव इथे असा कामी आला.

निवृत्तीचं वय पुढे वाढत गेलं, पण वाद चालूच राहिला. जुलै २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा एकदा अशी व्यवस्था मान्य केली की महिला कर्मचाऱ्यांनी पन्नाशीनंतर विमानात काम न करता जमिनीवरचं काम करायचं, पुरुषांनी मात्र ५८ पर्यंत उडायचं.

काम तेच, पगार कमी

समान कामाला समान वेतन ही गोष्ट घटनेत पहिल्यापासून होती, पण मार्गदर्शक तत्त्वांमध्ये. म्हणजे सरकारने तिकडे वाटचाल करावी ही अपेक्षा, कोर्टात मागता येईल असा हक्क नाही. २६ सप्टेंबर १९७५ ला, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, समान वेतनाचा वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. घटनेनंतर पंचवीस वर्षांनी.

कायदा झाला तरी पगारपत्रक आपोआप बदललं नाही. मुंबईत मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीत ऑड्री डिकोस्टा स्टेनोग्राफर होत्या. बड्या साहेबांच्या हाताखाली काम करणाऱ्या ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ हे त्यांचं पद. पुरुष स्टेनोग्राफरना त्याच कामाला जास्त पगार होता. नोकरी गेल्यावर डिकोस्टांनी फरकाची रक्कम मागितली.

कंपनीने सांगितलं की त्या पदावर पुरुष नेमलेच जात नाहीत, मग तुलना कुणाशी करणार? शिवाय पगार युनियनशी झालेल्या करारानुसार आहे आणि कंपनीची आर्थिक स्थिती बरी नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९८७ मध्ये यातलं काहीच मानलं नाही. पदाचं नाव वेगळं ठेवल्याने काम वेगळं होत नाही. युनियनशी करार करून कायदा टाळता येत नाही. पैसे नाहीत हे बाईला कमी पगार द्यायचं कारण होऊ शकत नाही.

शेतात मात्र ना पदाचं नाव होतं, ना करार. गड्याची मजुरी वेगळी आणि बाईची वेगळी, हा गावोगावचा रिवाज. खुरपणी, निंदणी, कापूस वेचणी ही ‘बायकांची कामं’ ठरवली की त्यांचा दर कमी ठेवता येतो. तुलनेला पुरुषच नसतो, अगदी मॅकिननच्या स्टेनोसारखं. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांवर मातीच्या मापाने मजुरी मिळू लागली. जितकं काम तितके पैसे, बाई असो की बुवा. हजारो बायकांनी त्या कामांना गर्दी केली, त्यामागे हेही एक कारण होतं.

‘हे काम बायकांचं नाही’

१९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत महिला उमेदवारांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. बंगळुरूला शिकत असलेल्या सुधा कुलकर्णी (आताच्या सुधा मूर्ती) यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवलं. त्यांना मुलाखतीला बोलावलं गेलं आणि नोकरी मिळाली. ही गोष्ट पोस्टकार्डसाठी सांगितली जाते. पण अशी ओळ जाहिरातीत उघड छापता येत होती, आणि एका मोठ्या कंपनीत कुणाला त्यात गैर वाटलं नव्हतं, हेही त्यातच दिसतं.

कारखाने अधिनियम १९४८ नुसार कारखान्यात बायकांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळात काम करता येई. राज्य सरकारने सवलत दिली तरी रात्री १० ते पहाटे ५ पूर्ण बंदी. कापूस पिंजायच्या यंत्राजवळ काम करायला मनाई करणाऱ्या कलमात तर बायका आणि लहान मुलं यांना एकाच वाक्यात बसवलं होतं. रात्रपाळी नाही म्हणजे रात्रपाळीचा भत्ता नाही, आणि तिन्ही पाळ्या चालवणाऱ्या कारखान्यात बाईला घेण्यात मालकाला रस नाही. गंमत म्हणजे रुग्णालयात रात्रभर जागणाऱ्या नर्सबद्दल कुणी हरकत घेतली नाही, कारण रुग्णालय हा कारखाना नव्हता. मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये ही रात्रपाळीबंदी घटनाबाह्य ठरवली.

दिल्लीत १९१४ चा पंजाब अबकारी कायदा लागू होता. त्यानुसार दारू मिळते त्या जागी बायकांना नोकरी करता येत नव्हती. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्या मुलींच्या कित्येक नोकऱ्या यात गेल्या. डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी रद्द करताना सांगितलं की सुरक्षित वातावरण देणं हे सरकारचं काम आहे, बाईचं काम बंद करणं हा त्यावरचा उपाय नाही.

सर्वांत अलीकडचं उदाहरण मुंबईच्या सिनेसृष्टीतलं. मेकअप आर्टिस्ट आणि हेअर ड्रेसर यांच्या संघटनेचा नियम असा की मेकअप पुरुष करणार आणि बायकांनी केस करायचे. बाईला मेकअप आर्टिस्टचं कार्ड मिळायचंच नाही, आणि कार्ड नसेल तर सेटवर काम नाही. पुरुषांच्या पोटावर पाय येईल, हे कारण. चारू खुराणा आणि इतर काहीजणींच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला, तो १० नोव्हेंबर २०१४ ला.

नोकरीच्या अर्जात पाळीची तारीख

आयुर्विमा महामंडळात निवड झालेल्या महिलेला एक जाहीरनामा भरून द्यावा लागे. पाळी नियमित येते का, शेवटची कधी आली, बाळंतपणं किती, गर्भपात झालाय का, असे प्रश्न त्यात होते. नीरा माथूर यांनी १९८९ मध्ये हा फॉर्म भरला. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर, गरोदर असल्याचं लपवलं या कारणाने त्यांना काढण्यात आलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये त्यांना परत कामावर घ्यायला लावलं आणि महामंडळाला ते रकानेच काढून टाकायला सांगितलं.

घरातला कायदा : सही, वाटणी, दत्तक

नोकरीबाहेरचे नियम तर जवळजवळ प्रत्येक घरात पोचले होते.

पालकत्व. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात मुलाचा नैसर्गिक पालक वडील, आणि ‘त्यांच्यानंतर’ आई. सातबाऱ्यावर ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून वडिलांचं नाव येतं, ते याच विचारातून. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचा अर्ज केला. स्वतःच्या सहीने केलेला तो अर्ज वडिलांच्या सहीसाठी परत आला. फेब्रुवारी १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘त्यांच्यानंतर’चा अर्थ ‘त्यांच्या मृत्यूनंतर’ असाच घ्यायची गरज नाही, वडील लक्ष देत नसतील तेव्हाही आई पालक असू शकते, असं सांगितलं. कायद्यातले शब्द मात्र आजही तेच आहेत.

वाटणी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलाला जन्मतः हक्क होता, मुलीला नव्हता. राहत्या घराची वाटणी तर भावांनी मागितल्याशिवाय तिला मागताच येत नव्हती. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे एकाच घरात धाकटीला हिस्सा आणि थोरलीला नाही, असं होऊ शकत होतं. देशपातळीवर ही असमानता २००५ मध्ये दूर झाली.

दत्तक. १९५६ च्या दत्तक कायद्यानुसार विवाहित हिंदू स्त्रीला स्वतः मूल दत्तक घेता येत नव्हतं. दत्तक घेणार नवरा. नवऱ्याने संन्यास घेतला, धर्म सोडला किंवा न्यायालयाने त्याला मनोरुग्ण ठरवलं, तरच तिला तो अधिकार मिळे. हे २०१० मध्ये बदललं.

नागरिकत्व. परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीय नागरिकत्व मिळायचं ते वडील भारतीय असतील तरच. आई भारतीय असून चालत नसे. डिसेंबर १९९२ पासून आईचंही नागरिकत्व ग्राह्य धरलं जाऊ लागलं.

या सगळ्यात सारखं काय आहे?

वरचे नियम पुन्हा एकदा नजरेखालून घाला. ‘बायका कमी दर्जाच्या’ असं एकाही ठिकाणी लिहिलेलं सापडत नाही. रात्रपाळी नको, कारण सुरक्षितता. लवकर लग्न नको, कारण तब्येत. बारमध्ये नोकरी नको, कारण अब्रू. नोकरी सोडा, कारण घर. प्रत्येक बंधन काळजीच्या भाषेत आलं, म्हणून ते अनेकांना, कधी न्यायाधीशांनाही, योग्य वाटलं. त्या काळजीची किंमत मात्र बाईच्या पगारातून, बढतीतून आणि हिश्श्यातून वसूल झाली.

दुसरी गोष्ट, एका निकालाने सगळं बदललं असं कधी झालं नाही. १९६५ मध्ये लग्नाची अट एका औषध कंपनीत रद्द झाली, तरी १९८१ मध्ये ती विमान कंपनीत टिकली आणि १९८८ मध्ये लष्करी रुग्णालयात वापरली गेली. प्रत्येक ठिकाणी नव्याने कुणाला तरी लढावं लागलं.

आज काय परिस्थिती आहे?

लिंगावरून वेतनात किंवा भरतीत भेदभाव करायला कायद्याने बंदी आहे. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा मिळते, आणि त्या रजेच्या काळात नोकरीवरून काढणं बेकायदेशीर आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध १९९७ मध्ये विशाखा निकाल आला आणि २०१३ मध्ये कायदा. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. महाराष्ट्रात सरकारी कागदपत्रांवर वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लिहिण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला.

पण मुलाखतीत ‘लग्नाचं काय ठरलंय?’ किंवा ‘मूल कधी?’ हा प्रश्न तोंडी विचारला जातोच. बहिणीकडून हक्कसोड पत्रावर सही घेण्याची पद्धतही चालूच आहे. कागदावरचा नियम गेला की तो असा तोंडी उरतो, आणि तोंडी गोष्ट कोर्टात सिद्ध करणं जास्त अवघड असतं. म्हणून असा अनुभव आलाच तर तारीख, वेळ आणि नेमकं काय बोललं गेलं ते लगेच लिहून ठेवा. ईमेल आणि मेसेज जपा. वेतन किंवा बाळंतपणाच्या रजेची तक्रार कामगार आयुक्त कार्यालयात करता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हक्कसोड पत्रावर सही करण्याआधीही तिथे सल्ला घेता येतो.